तप्त धातूची ताकद: हॉट टेन्साइलचा अहवाल क्रीपला पुरतो का?

मकरपुरा_दर्जा

सर्व सभासदांना नमस्कार. वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा वाफेच्या नळ्या आणि त्यांचे जोडभाग तयार करण्याचा कारखाना आहे. माल तपासून त्याची प्रमाणपत्रे लावण्याचे काम माझ्याकडे असते. एका ग्राहकाने पी९१ या उच्च तापमानासाठीच्या क्रोमियमयुक्त पोलादाच्या नळ्यांसाठी ‘६०० अंश सेल्सिअसला ताकद सिद्ध करणारा चाचणी अहवाल’ मागितला होता. त्याप्रमाणे आम्ही नळीतून नमुने काढून ६०० अंशांवर हॉट टेन्साइल चाचणी (तापवलेला नमुना खेचून पाहण्याची) करून घेतली. युरोपीय मानकात या पोलादाची ६०० अंशांवरची किमान यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा ताणला जाऊ लागतो तो ताण) २१५ मेगापास्कल दिली आहे आणि आमचे सर्व नमुने त्याच्या वर आले.

तरीही ग्राहकाच्या सल्लागाराने अहवाल परत पाठवला आणि त्यावर शेरा लिहिला की, ही नळी एक लाख तास टिकेल की नाही याबद्दल या चाचणीतून काहीही कळत नाही. नळीवर येणारा प्रत्यक्ष ताण चाचणीत आलेल्या यील्डच्या निम्म्याहूनही कमी आहे, मग शंका नेमकी कशाची आहे हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरा प्रश्न असा की, क्रीप चाचणी (ताणाखाली तापलेला धातू वेळेबरोबर किती वाढतो ते पाहणारी) करायचीच झाली, तर माल पाठवण्याच्या मुदतीत ती बसवता येते का? ज्यांनी प्रत्यक्ष हे काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तप्तधातू

सल्लागाराचा शेरा बरोबर आहे, आणि तो का बरोबर आहे हे नीट समजून घेतले तर पुढच्या अनेक अहवालांच्या वेळी उपयोग होईल.

सामान्य तापमानाला पोलादाच्या नमुन्यावर यील्डच्या निम्मा ताण दिला, तर तो ठरावीक लांब होतो आणि तिथेच थांबतो. वजन दहा वर्षे तसेच ठेवले तरी व्यवहारात फरक पडत नाही. तापमान वाढले की हे थांबणे नाहीसे होते. धातूचा वितळबिंदू केल्विनमध्ये घेऊन त्याच्या सुमारे ०.४ पटीच्या पुढे गेले, की अणूंची हालचाल इतकी सुलभ होते की कमी ताणाखालीही धातू वेळेबरोबर हळूहळू वाहत राहतो. यालाच आपण क्रीप म्हणतो. शिसे ३२७ अंशांना, म्हणजे ६०० केल्विनला वितळते, त्यामुळे वडोदऱ्याच्या उन्हाळ्यातल्या साध्या खोलीतही ते आपल्या वितळबिंदूच्या निम्म्याच्या पुढे असते; जुन्या इमारतींतल्या शिशाच्या नळ्या आधारांच्या मध्ये झोळ पडून लोंबतात त्या यामुळेच. ॲल्युमिनियमसाठी हा उंबरठा साधारण १०० अंशांच्या आसपास येतो, लोखंडासाठी साधारण ४५० अंशांच्या. तुमचे ६०० अंश त्याच्या बरेच पुढे आहेत.

आता हॉट टेन्साइलमध्ये काय घडते ते पाहा. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या ई२१ या पद्धतीत यील्डपर्यंत नमुना दर मिनिटाला सुमारे ०.५ टक्के या वेगाने ताणला जातो. म्हणजे तुमच्या अहवालात छापलेला यील्डचा आकडा मिनिटभराच्या आतबाहेर मोजलेला आहे. तो खोटा नाही, पण तो त्या एका मिनिटाचा आहे. तेच पोलाद, तेच ६०० अंश आणि मुदत एक लाख तास, असे धरले तर पी९१ ज्या ताणाला तुटते तो सरासरी ताण सुमारे ९० मेगापास्कलवर येतो. २१५ आणि ९० या दोन आकड्यांमधले अंतर हेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. इतक्या तापमानाला ‘ताकद किती’ हा प्रश्न ‘किती वेळासाठी’ हे जोडल्याशिवाय पूर्णच होत नाही.

अमेरिकी बॉयलर संहितेत उच्च तापमानाचे अनुज्ञेय ताण ठरवताना हाच विचार केलेला आहे. एक लाख तासांत तुटण्याच्या सरासरी ताणाचे ६७ टक्के, त्याच मुदतीच्या किमान ताणाचे ८० टक्के, आणि १,००० तासांत ०.०१ टक्के या वेगाने क्रीप घडवणारा सरासरी ताण, यांपैकी जो सर्वांत कमी असेल तो तिथे मर्यादा ठरवतो.

क्रीप चाचणीत नमुन्याला ठरावीक वजन टांगून, तापमान स्थिर ठेवून, त्याची वाढ वेळेनुसार नोंदली जाते. सुरुवातीला वाढीचा वेग कमी होत जातो, मग बराच काळ जवळजवळ एकसारखा राहतो, आणि शेवटी आत पोकळ्या व मान (एका जागी बारीक झालेला भाग) तयार होऊन वेग चढत जातो आणि नमुना तुटतो. ॲन्ड्रेड यांनी १९१० मध्ये या वक्राचा पहिला व्यवस्थित अभ्यास मांडला. नमुना बारीक होत गेला की तेच वजन त्याच्यावर जास्त ताण आणते, हे लक्षात घेऊन त्यांनी विशिष्ट आकाराचे वजन द्रवात क्रमाने बुडत जाईल अशी रचना केली होती, जेणेकरून वजन घटत जाऊन ताण मात्र कायम राहावा. आजच्या बहुतेक औद्योगिक चाचण्या स्थिर वजनावर होतात, स्थिर ताणावर नव्हे, त्यामुळे अहवालातला शेवटचा चढता भाग वाचताना हे भान ठेवावे.

कलाभवन_छात्रा

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात धातुशास्त्र शिकते. तप्तधातू काका, आम्हाला लार्सन आणि मिलर यांचे १९५२ सालचे सूत्र शिकवले आहे, आणि मकरपुरा_दर्जा यांच्या मुदतीच्या प्रश्नाला ते लागू पडेल असे मला वाटते. केल्विनमधले तापमान गुणिले (२० अधिक तासांचा दशमान लॉगॅरिदम) ही संख्या ठरावीक ताणासाठी स्थिर मानली जाते. ५४० अंशांवर एक लाख तास टिकणाऱ्या नमुन्यासाठी ही संख्या ८१३ गुणिले २५, म्हणजे २०,३२५ येते. त्याच ताणाखाली तापमान ६२० अंश केले तर गणिताने तो सुमारे ५७५ तासांत तुटायला हवा, आणि ६५० अंशांना सुमारे १०५ तासांत. असे असेल तर तापमान वाढवून आठवड्याभरात चाचणी उरकून अकरा वर्षांचा निष्कर्ष काढण्यात अडचण कोणती?

निवृत्त_तपासनीस

छात्रा, तुझे गणित बरोबर आहे आणि आम्ही संयंत्रांच्या तपासणीत त्याचा रोज उपयोग करत असू. तेच गणित उलट बाजूने करून पाहा, म्हणजे ते किती धारदार आहे ते दिसेल. ५४० ऐवजी ५५० अंश धरले तर एक लाख तासांचे पन्नास हजार होतात, आणि ५६० धरले तर पंचवीस हजार. वीस अंशांत आयुष्य पाव झाले. बर्नरची ज्योत थोडी तिरपी झाली किंवा नळीच्या आत थर साचला, की नळीच्या भिंतीचे तापमान इतके सहज वाढते, आणि नियंत्रण कक्षातल्या वाफेच्या तापमापकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आपल्या वडोदऱ्याच्या परिसरात खत कारखाना, कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि पेट्रोरसायन संकुल असल्यामुळे येथील धातुतपासनिसांचा या विषयाशी जवळचा संबंध येतो. हायड्रोजन तयार करणाऱ्या रिफॉर्मर भट्टीतल्या नळ्या सेंट्रिफ्यूगल ओतकामाच्या असतात. त्यांत साधारण २५ टक्के क्रोमियम, ३५ टक्के निकेल आणि थोडे नायोबियम असते, भिंतीचे तापमान ९०० अंशांच्या आसपास जाते, आणि आराखडा बहुधा एक लाख तासांचा धरतात. अशी नळी किती वापरली गेली हे ठरवण्यासाठी प्रत्येक वार्षिक शटडाउनमध्ये तिचा व्यास मोजतात, कारण क्रीपने नळी फुगते. उरलेले आयुष्य काढायचे असेल तर एक नळी कापून तिच्यातून नमुने करतात.

या चाचणीत एक तत्त्व आम्ही कसोशीने पाळत असू. नळीवर प्रत्यक्ष जेवढा ताण आहे तेवढाच, किंवा त्याच्या अगदी जवळचा, नमुन्याला द्यायचा आणि वेळ वाचवण्यासाठी फक्त तापमान वाढवायचे. वेगवेगळ्या चढत्या तापमानांना नमुने तोडून त्यांचे तास आलेखावर मांडायचे आणि रेषा प्रत्यक्ष तापमानापर्यंत मागे न्यायची. ताण वाढवून चाचणी लवकर संपवली, तर धातू वेगळ्याच रीतीने मोडतो. जास्त ताणाखाली धातूच्या स्फटिककणांच्या आतून विस्थापने (स्फटिकरचनेतले रेषीय दोष) धावतात आणि नमुना मान काढून तुटतो. कमी ताणाखाली कणसीमांवर पोकळ्या जमतात, त्या जोडून भेगा होतात आणि नळी फारशी न ताणता फुटते. पहिल्या प्रकारच्या तुटण्यावरून दुसऱ्या प्रकारच्या तुटण्याचे भाकीत करू नये, असे माझे ठाम मत आहे.

तापमान वाढवण्यालाही मर्यादा आहेच. लहान व्यासाचा नमुना जास्त तापमानाला हवेत ठेवला तर त्याचा पृष्ठभाग ऑक्साइड होऊन निखळत राहतो, शिल्लक छेद घटतो आणि नळीपेक्षा नमुना लवकर तुटतो. म्हणून अशा चाचण्या आर्गॉनमध्ये कराव्यात, किंवा नमुना शक्य तेवढा जाड घ्यावा.

तप्तधातू

निवृत्त_तपासनीस यांनी लिहिलेल्यात मी पी९१ पुरती भर घालतो, कारण मूळ प्रश्न त्या पोलादाचा आहे. त्याची ताकद दोन प्रकारच्या बारीक कणांवर उभी आहे: सीमांवर बसलेली क्रोमियमयुक्त कार्बाइडे, आणि आत विखुरलेले व्हॅनेडियम व नायोबियम यांचे अतिसूक्ष्म कार्बोनायट्राइड (कार्बन आणि नायट्रोजन यांच्याशी झालेली संयुगे). हजारो तासांत पहिले कण जाड होत जातात, मूळची बारीक अंतर्रचना सैल पडते आणि नवे, कमी उपयोगाचे कण जन्माला येतात. शंभर तासांच्या चाचणीला यातले फारसे काही दिसत नाही, कारण ते घडायला वेळच मिळालेला नसतो. शिवाय सूत्रातला २० हा स्थिरांक सर्व पोलादांना सारखा बसत नाही. पी९१ साठी तो ३० च्या आसपास घेतला तर माहिती अधिक नीट जुळते, आणि २० धरून काढलेले भाकीत फसवे ठरू शकते.

हे केवळ पुस्तकी सावधपण नाही. पी९१ चे एक लाख तासांचे आकडे सुरुवातीला जास्त धरले गेले होते आणि लांब चाचण्यांचे निकाल हाती येत गेले तसे ते टप्प्याटप्प्याने खाली आणावे लागले. त्यामुळेच उपलब्ध सर्वांत लांब चाचणीच्या तिपटीपलीकडे भाकीत नेऊ नये, असा दंडक युरोपातल्या क्रीप-माहितीच्या कामात रूढ झाला. एक लाख तासांचा आकडा सांगायचा तर कोणीतरी तीस हजार तास, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आसपास, भट्टी चालू ठेवलेली असायला हवी. जपानच्या राष्ट्रीय संस्थेने १९६६ पासून हे काम चालवले आहे. तिथे १९६९ मध्ये साध्या कार्बन पोलादाच्या एका नमुन्यावर ४०० अंशांना लावलेले वजन २०११ मध्ये जगातल्या सर्वांत लांब क्रीप चाचणीचा आधीचा विक्रम ओलांडून गेले. आपल्याकडे जमशेदपूरची राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळा आणि कल्पक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र यांनी हे चिकाटीचे काम केले आहे. संहितेतल्या आकड्यामागे असे कष्ट असतात, आणि ते कुणा एका पुरवठादाराने माल पाठवण्याच्या मुदतीत पुन्हा करून दाखवावेत अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही.

म्हणून मकरपुरा_दर्जा, तुमच्यापुढचे काम वेगळे आहे. ज्या पोलादावर ते आकडे मोजले गेले, तसेच पोलाद तुम्ही दिले आहे, एवढे सिद्ध करा. नॉर्मलायझिंग (तापवून हवेत थंड करणे) १,०४० ते १,०८० अंशांच्या दरम्यान झाले का, टेम्परिंग (त्यानंतर कमी तापमानाला पुन्हा तापवणे) ७३० ते ८०० च्या दरम्यान झाले का, कडकपणा १९० ते २५० ब्रिनेलमध्ये आहे का, हे भट्टीच्या मूळ आलेखांसह दाखवा. रासायनिक विश्लेषणात नायट्रोजन आणि ॲल्युमिनियम यांचे गुणोत्तर अवश्य पाहा: ॲल्युमिनियम जास्त असले तर ते नायट्रोजन स्वतःकडे ओढून घेते, कार्बोनायट्राइडांना तो उरत नाही, आणि क्रीपची ताकद घटते. असे पोलाद हॉट टेन्साइलमध्ये उत्तीर्ण होऊ शकते, ही त्यातली खरी धोक्याची गोष्ट आहे.

भट्टीजवळ

मी एका चाचणी प्रयोगशाळेत क्रीप यंत्रांवर काम करतो. वर आयुष्य आणि तापमान यांचे जे नाते मांडले आहे, त्याच्यामुळे आमच्या कामाचा बहुतेक भार तापमान मोजण्यावर असतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. अहवाल मागवणाऱ्यांनी प्रयोगशाळेला काय विचारावे, हे यातून कळेल.

एएसटीएम ई१३९ प्रमाणे १,००० अंशांपर्यंत नमुन्याचे तापमान ठरवलेल्या आकड्यापासून २ अंशांपलीकडे हलू नये, आणि त्याच्या वर ३ अंशांपलीकडे. येथे भट्टीचे नव्हे, नमुन्याचे तापमान अभिप्रेत आहे, आणि ही मर्यादा नमुन्याच्या मोजणीच्या पूर्ण लांबीवर पाळायची असते. म्हणून भट्टीची तारगुंडाळी तीन स्वतंत्र भागांत असते आणि वरचा, मधला, खालचा भाग वेगवेगळा नियंत्रित होतो. भट्टीची वरची आणि खालची तोंडे सिरॅमिक लोकरीने बुजवली नाहीत, तर उष्ण हवा वर सरकत राहते आणि तिन्ही भाग कधीच जुळत नाहीत. थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) नमुन्याला सिरॅमिक दोरीने घट्ट बांधतो. त्याचे टोक धातूला टेकलेले असावे आणि भट्टीच्या भिंतीच्या प्रारणापासून झाकलेले असावे. उघडे राहिले तर ते नमुन्याऐवजी तापलेली भिंत वाचते.

थर्मोकपल कोणते, हेही विचारावे. के प्रकारचा, म्हणजे क्रोमेल-अल्युमेलचा, थोड्या वेळाच्या हॉट टेन्साइलला चालतो. पण हजारो तास उच्च तापमानाला राहिला तर त्याच्या तारांची रचना बदलते आणि वाचन सरकत जाते. ते सरकणे हळू असल्यामुळे आलेखावर दिसत नाही. म्हणून लांब चाचण्यांना प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमचा एस किंवा आर प्रकार वापरतात.

वाढ मोजण्याच्या बाबतीतही तापमानच आड येते. १,००० तासांत ०.०१ टक्के या वेगाचा वर उल्लेख आला आहे. मोजणीची लांबी ५० मिलिमीटर असेल तर ही वाढ हजार तासांत ०.००५ मिलिमीटर, म्हणजे ५ मायक्रॉन होते. पोलाद उष्णतेने प्रसरण पावते त्या हिशेबाने तेवढ्याच लांबीचा नमुना एका अंशाला ०.६ मायक्रॉनने लांबतो. तापमान दोन अंशांनी वर-खाली झाले, तर सुमारे बेचाळीस दिवसांच्या क्रीपचा पाव भाग त्यातच हरवतो. यंत्राच्या खोलीचे तापमान स्थिर ठेवावे लागते तेही यामुळे, कारण वाढ मोजण्यासाठी नमुन्याला जोडलेल्या आणि भट्टीतून बाहेर आलेल्या दांड्यांचे खालचे टोक आणि त्यावरचा मोजक खोलीच्या हवेत असतात. वडोदऱ्यात मे महिन्यातल्या दुपारी आणि पहाटे खोलीच्या तापमानात जो फरक पडतो, तो वातानुकूलन नसेल तर आलेखावर रोजच्या लाटेसारखा उमटतो.

पकडी निकेलच्या उष्णतारोधक मिश्रधातूंच्या असतात, कारण पकड नमुन्याआधी ताणली जाऊन चालत नाही. नमुना ओळीत बसला नाही तर एका बाजूला वाकण्याचा ताण जास्त येतो आणि ठिसूळ धातू त्या बाजूने आधी फुटतो. वजन चढवण्यापूर्वी नमुना ठरलेल्या तापमानाला निदान एक तास स्थिरावू द्यावा, आणि तापवताना ते तापमान ओलांडले जाऊ देऊ नये. वीज खंडित होऊन चाचणीत खंड पडला असेल, तर त्याची नोंद अहवालात मागून घ्यावी.

घणकाम

आमचा फोर्जिंगचा व्यवसाय आहे. आम्हाला वर्षांचा नव्हे, सेकंदांचा प्रश्न असतो: १,१०० अंशांना घणाखाली पोलाद किती जोराने अडते आणि कडेला भेग का पडते? त्यासाठी कोणती चाचणी असते?

कलाभवन_छात्रा

त्यासाठी तप्त दाबचाचणी करतात. साधारण १० मिलिमीटर व्यासाचा आणि १५ मिलिमीटर उंचीचा दंडगोल तापवून ठरावीक वेगाने दाबतात. ग्लीबल नावाच्या यंत्रात नमुन्यातूनच विद्युतप्रवाह सोडून तो काही सेकंदांत तापवता येतो आणि दाबून झाल्यावर लगेच पाण्याने विझवता येतो, त्यामुळे त्या क्षणाची अंतर्रचना गोठून हाती येते. दाबताना नमुन्याच्या दोन्ही टोकांवर घर्षण होते आणि तो पिंपासारखा फुगतो, म्हणून मध्ये ग्रॅफाइट किंवा टँटलमची पातळ चकती ठेवतात आणि तरीही आकड्यांत घर्षणाची दुरुस्ती करावी लागते. वेग जास्त असेल तर दाबण्याच्या कामानेच नमुना तापतो, त्यामुळे पोलाद खरे आहे त्याहून मऊ भासते.

तापमान आणि वेग यांचा एकत्रित परिणाम झेनर आणि हॉलोमन यांनी १९४४ मध्ये एका राशीत मांडला. वेग दहापट केला तर धातू जणू थंड असल्यासारखा वागतो, असे त्याचे सार सांगता येईल. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. वाय. व्ही. आर. के. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रक्रिया-नकाशांची पद्धत विकसित केली. कोणत्या तापमान-वेगाच्या जोडीला धातू सुखाने आकार घेतो आणि कोणत्या जोडीला त्याच्यात भेगा पडतात, हे तो नकाशा दाखवतो. तुमच्या भेगांचा उलगडा बहुधा अशा नकाशावर होईल, कारण घडकाम लांबले तर कडा थंड होऊन नकाशाच्या वाईट भागात शिरतात.

मकरपुरा_दर्जा

सर्वांचे मनापासून आभार. सल्लागाराला आता मी उष्मोपचाराचे मूळ आलेख, कडकपणा, अंतर्रचनेची छायाचित्रे आणि नायट्रोजन-ॲल्युमिनियमचे गुणोत्तर पाठवणार आहे आणि हॉट टेन्साइलचा अहवाल केवळ पूरक म्हणून जोडणार आहे. एक प्रश्न उरतो. या नळ्यांना जोडभाग वेल्ड केलेले आहेत. वेल्डसाठी वेगळे काही दाखवावे लागेल का?

निवृत्त_तपासनीस

होय, आणि तिथे अधिक बारकाईने पाहावे लागेल. पी९१ च्या वेल्डमध्ये मूळ नळी शाबूत असते, वेल्डचा धातूही शाबूत असतो, आणि उष्णतेने बाधित पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, जिथे कण अतिशय बारीक झालेले असतात, तिथे क्रीपच्या पोकळ्या जमून भेग जाते. याला चौथ्या प्रकारची भेग म्हणतात. हॉट टेन्साइलमध्ये हा पट्टा बहुधा अडचण दाखवत नाही. त्याचा दुबळेपणा कमी ताण आणि लांब मुदत यांतच उघड होतो. संहितेत म्हणूनच अशा वेल्डसाठी ताकद कमी धरण्याचे गुणक दिलेले आहेत. ते आराखड्यात धरले गेले आहेत का, हे सल्लागाराला लेखी विचारा.

वेल्डनंतरच्या उष्मोपचारात पोलादाच्या खालच्या रूपांतर-तापमानाच्या (जिथे तापवताना अंतर्रचना बदलू लागते त्या तापमानाच्या) वर थोडा वेळ जरी गेला असेल, तरी त्या जागचे पोलाद क्रीपला कायमचे मऊ पडते आणि पुन्हा टेम्परिंग करून ते सुधारत नाही. तो भाग पूर्ण नॉर्मलायझिंग करावा लागतो किंवा कापून काढावा लागतो. तेव्हा प्रत्येक वेल्डच्या दोन्ही बाजूंचा कडकपणा घ्या, आणि १९० ब्रिनेलच्या खाली एखादी जागा आली तर तो जोड तूर्त बाजूला ठेवून त्याच्या उष्मोपचाराचा आलेख आणि त्या वेळी थर्मोकपल नळीवर नेमके कुठे बांधले होते, ही माहिती आधी मिळवा.